धणं जरा कमी

“मला काय धाड भरलीया? घोड्यागत हाय की मी! डाक्टरकडं मी येनार न्हाय म्हंजे न्हाय.”

गणपतराव मेस्त्री स्वतःच्याच दारात हात आडवा लावून उभे होते. समोर मी, हातात तिघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन, आणि माझ्यामागं माझ्या सासूबाई रत्नव्वा, ज्यांना आख्खी गल्ली अव्वा म्हणते. कोपऱ्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

“धाड न्हाय भरली म्हणूनच दाखला मिळतोय,” अव्वा म्हणाल्या. “चला गुमान. चप्पल घाला.”

मेस्त्री शेजारी, वय बहात्तर. उद्यमनगरात चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण अव्वांपुढं त्यांचं आजवर काही चाललेलं नाही. त्यांनी चप्पल घातली.

हे लचांड मीच घरात आणलं, हे आधी कबूल करते. अव्वा पंचवीस वर्षं कांदा-लसूण चटणी करून विकताहेत. न पाटी, न लेबल. पिशवीला गाठ मारायची आणि “हं, ने” म्हणायचं, झाला धंदा. पुण्याच्या एका दुकानदारानं चाळीस किलो मागितली आणि वर म्हणाला, नोंदणीचा नंबर नसेल तर दुकानात ठेवता येत नाही. मी मोबाइलवर शोधलं तर खरंच की! घरच्या स्वयंपाकघरात केलेलं विकायचं तरी नोंदणी लागते. पाकिटावर नंबर, पत्ता, तारीख, आणि काय काय घातलं ते वजनाच्या उतरत्या क्रमानं. शिवाय त्या अन्नाला जे हात लावतात त्यांचे डॉक्टरचे दाखले जवळ ठेवायचे. मी म्हटलं, सोपं आहे, आपण दोघीच तर आहोत.

“आणि मेस्त्री?” अव्वा म्हणाल्या.

“ते शेजारी आहेत, अव्वा.”

“चव कोण बघतंय मग? तू?”

तेही खरंच. आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. (माझे यजमान शिवशरण बाहेर काय खातात ते मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.) अव्वांनी जन्मात मटण खाल्लेलं नाही आणि त्यांची चटणी मात्र अर्ध्या कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात जाते. भाकरीशी ती कशी लागते ते त्यांना कळतं. पण रश्श्यात कशी उतरते ते खाणाऱ्यानंच सांगायचं. म्हणून दर घाण्याची पहिली वाटी मधल्या भिंतीवरून मेस्त्रींच्या घरी जायची. मेस्त्रींच्या बायकोकडं, आक्काकडं. आक्का रस्सा करायची, जेवायची आणि भिंतीपलीकडून गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडायची, “अव्वाऽ, एक नंबर झालीया! धणं जरा कमी चाललं असतं बगा!”

अव्वा इकडून ओरडायच्या, “बरं, फुडच्या घाण्याला बघू!”

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी नवराबायको दोघं एकाच दिवशी दवाखान्यात गेली. मेस्त्री एकटे परत आले. त्यानंतरचा पहिला घाणा झाला तेव्हा अव्वा भरलेली वाटी घेऊन भिंतीशी कितीतरी वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता वाटी परत घेऊन येतील. पण त्यांनी हाक मारली, “मेस्त्री, तुम्ही बघता का जरा?”

तेव्हापासून मेस्त्री रस्सा करायला शिकले. पहिल्यांदा भांडं करपवलं, मग जमलं. आणि निकाल सांगायला भिंतीवरून ओरडत नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून दारात येतात, घसा खाकरतात आणि सांगतात, “एक नंबर. धणं जरा कमी चाललं असतं.” चार वर्षं हेच.

लेबलासाठी मी वजनं मांडायला बसले तेव्हा अव्वांना विचारलंसुद्धा, “धणे किती धरू? मेस्त्रीमामा दर वेळी कमी करा म्हणतात.”

“हाईत तेवढं धर,” म्हणाल्या, आणि पितळी मापटं माझ्यापुढं आदळलं.

तर आम्ही तिघं क्रांती डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलो. अव्वांचं झालं, माझं झालं. मेस्त्री आत जाताना अव्वांकडं असं बघत होते, जसं काही शेवटचं बघताहेत. अव्वा त्यांच्यामागून आत शिरल्या. मी कशाला बाहेर राहू? मीही शिरले.

डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. फॉर्म पुढं घेऊन विचारू लागल्या, “आजोबा, अंगाला खाज, खरूज?”

“न्हाय.”

“खोकला? डोळे येतात का? जुलाब, कावीळ काही?”

“न्हाय.” डॉक्टर पुढचा रकाना भरायला वाकल्या आणि मेस्त्री एकदम म्हणाले, “लिवू नगा बाई. खोटं व्हईल. मला चव येत न्हाय.”

“कवापासनं?” अव्वांनी विचारलं.

“साथीपासनं. वास न्हाय, चव न्हाय. रस्सा प्यालो काय आन् गरम पाणी प्यालो काय, सारखंच.” हे ते डॉक्टरांना सांगत होते, अव्वांकडं मान वळवत नव्हते. “लई औषिदं केली. न्हाय आली.”

क्रांती डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. “पण आजोबा, ह्यात चवीचं काही विचारलेलंच नाही. रोगराई नसली की झालं. तुम्ही ठणठणीत आहात.” आणि त्यांनी सही-शिक्का मारून कागद पुढं केला.

बिचाऱ्यांनी उगाचच कबुली दिली होती. कुणी विचारणारच नव्हतं. मेस्त्रींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि घडी घालत राहिले. इतकी घडी घातली की तो पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला.

घरी येऊन अव्वांनी पाण्याचा तांब्या आपटला. “चार वर्षं! चार वर्षं मी माणसांच्या पोटात काय घालतोय मला म्हाईत न्हाय! आता ती पुण्याची चाळीस किलो कुणाच्या भरवशावर धाडू?”

मला खरं तर रडू येत होतं, मेस्त्रींसाठी. पण धंदाही बघायला हवा. रात्री शिवशरणना म्हटलं, “तुम्ही जरा चाखून सांगता का, रश्श्यात?” ते इतक्या भोळेपणानं “मी? छे छे!” म्हणाले की पाया पडावंसं वाटलं.

आठ दिवस भिंतीवरून हाक गेली नाही की आली नाही. पुण्याच्या चटणीचं पिंप कोपऱ्यात तसंच. नवव्या दिवशी सकाळी मेस्त्री दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत धरलेली आमची वाटी, स्वच्छ घासलेली, रिकामी देऊ नये म्हणून तिच्यात साखर घातलेली.

“ही घ्या अव्वा. आता धाडू नगा. आन् माझं नाव कुठं घालू नगा.”

अव्वांनी वाटी घेतली नाही. “खोटं का बोलला?”

मेस्त्रींनी जमिनीकडं बघितलं. “सगळं घर गप झालतं. भांडं पडलं तरी आवाज मोठा वाटायचा. तवा तुमी हाक मारली की, बघता का म्हणून. मला कोण काय इचारतंय हो आता? मोटारीसुदीक पोरं मोबाइलवर बघून दुरुस्त करत्यात. म्हटलं, ह्या एका गोष्टीसाठी तरी कुणीतरी वाट बघतंय माझी.” डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तर त्यांनी खांद्याला डोळे पुसले. “आन् चटणीची काळजी करू नगा. चार वर्षं तुमी एकटीनं केलीया, एक गिऱ्हाइक तरी माघारी आलं का?”

अव्वांनी विचारलं, “चव येत न्हाय तर धणं कमी पायजे हे कशावरनं सांगत होता?”

“आक्का म्हणायची ते.”

“ती एकवीस वर्षं म्हणत होती.” अव्वा म्हणाल्या. “मी एक दाणा कमी केला न्हाय.”

मेस्त्रींनी मान वर केली. “एक बी न्हाय?”

“न्हाय. तिला बी ठावं होतं. पण काहीतरी खोट काढल्याबिगर तिला जेवान जायचं न्हाय.”

आणि मेस्त्री हसले. हसता हसता तिथंच पायरीवर बसले आणि साखरेची वाटी मांडीवर धरून लहान पोरासारखे रडले. अव्वा त्यांच्याजवळ बसल्या नाहीत की पाठीवर हात ठेवला नाही. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “नाव काढता येत न्हाय आता. सरकारच्या कागदावर चढलंय. खोडाखोड चालत न्हाय त्यात.”

हे साफ खोटं होतं. नोंदणी अव्वांच्या एकटीच्या नावावर आहे, आणि काम करणाऱ्यांची नावं मी साध्या वहीत पेन्सिलीनं लिहिली होती. त्या दुपारी मी ती पेनानं गिरवली.

चाळीस किलो पुण्याला गेली. महिन्यानं साठ किलोची मागणी आली. नवा घाणा कांडपावरून आला, अव्वांनी पहिली वाटी भरली आणि काही न बोलता भिंतीवर ठेवली. पलीकडून एक हात आला आणि ती घेऊन गेला.

संध्याकाळी मी लेबलं चिकटवत बसले होते. मिरची, कांदा, खोबरं, धणे, लसूण. भिंतीपलीकडं रश्श्याचा वास सुटला होता, सगळ्या गल्लीला येत होता. ताट ठेवल्याचा आवाज आला. अव्वा हातातलं काम सोडून बसल्या होत्या.

मग आवाज आला. ह्या वेळी दारातून नाही, भिंतीवरून, गल्लीभर ऐकू जाईल असा.

“अव्वाऽ, एक नंबर झालीया! धणं जरा कमी चाललं असतं बगा!”

“बरं,” अव्वा ओरडल्या, “फुडच्या घाण्याला बघू!”

आणि उद्यासाठी धणे मोजायला घेतले. मापटं शिगोशीग भरलं, वर आणखी चिमूटभर टाकले.