नाव कापलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना, झाकणाला पोचा आलेला पत्र्याचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात बिस्किटं होती. ती आठवड्यात फस्त झाली आणि माझ्या नशिबी औषधं आली. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. झाकण कुणीही उघडो, मी मनात विचारतोच, "खरंच दुखतंय का?"

या घरात आजोबा, आई आणि ताई राहतात. आई कपडे शिवते. तिला टापटीप भारी! पाकिटातली गोळी काढली की रिकामा कप्पा ती लगेच कात्रीने कापून टाकते. त्याबरोबर औषधाचं नाव जातं, तारीखही जाते. शेजारणी मात्र माझं नीटनेटकं पोट पाहून कौतुक करायच्या आणि मी फुशारून जायचो.

मग आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जबर वेदनेवरच्या गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या. त्यांनी आईला बजावलं होतं, "यांची सवय लागते. फक्त आजोबांनाच द्या. उरतील त्या औषधांच्या दुकानात परत करा." आजोबा काठी टेकत चालू लागले, तरी पाकिटं उरलीच. "लागतील कधीतरी," असं म्हणत आईने ती माझ्या तळाशी ठेवली.

व्हॉलीबॉल खेळताना ताईचा खांदा दुखावला. आईनेच एक गोळी काढली. "आजोबांना लागू पडली, तुलाही पडेल." खरं सांगतो, त्या दिवशी मला काडीचाही संशय आला नाही. आईचा हात होता ना तो!

खांदा बरा झाला, पण ताईचा हात माझ्याकडे येतच राहिला. माझं झाकण करकरतं, म्हणून ती पोच्यावर अंगठा दाबून ते अलगद उचलायची. गोळी काढायची आणि आईसारखाच कप्पाही कापायची. आधी एका गोळीने भागायचं, मग एकीने भागेना. ती जेवताना पेंगायची, हात खाजवायची, विचारलं की खेकसायची.

गोळ्या कमी झाल्याचं एकदा आईच्या ध्यानात आलं. तिचा संशय गेला तिच्या भावावर, ताईच्या मामावर, कारण तो आला की डोकेदुखीची गोळी शोधायचा. "दादा, तूच घेतोस ना?" मामाचा चेहरा पडला. चहा तसाच ठेवून तो निघून गेला. मी सगळं पाहिलं होतं, पण पत्र्याला कुठली वाचा?

एका दुपारी आजोबांनी ताईला हाक मारली. ती उठेना. श्वास थांबून थांबून येत होता, ओठ निळसर पडले होते. रुग्णवाहिकेतून आलेल्या नर्सने विचारलं, "काय घेतलंय हिने?" आईने मला जमिनीवर पालथं केलं. एका तुकड्यात दोन गोळ्या उरल्या होत्या.

"याच्यावरचं नाव कुठाय?"

"मी... मीच कापलं हो."

"माझ्या खुब्याच्या गोळ्या आहेत त्या!" आजोबा काठी टेकत पुढे येऊन म्हणाले. "अफूच्या जातीच्या!"

नर्सने ताईच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिने लगेच उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. त्या दोन मिनिटांत आई रडलीसुद्धा नाही, नुसती ताईच्या छातीकडे बघत राहिली. मग ताईने मोठा श्वास घेतला आणि आईने हंबरडा फोडला.

ताईवर कित्येक महिने उपचार चालले. आईने मामाच्या घरी जाऊन माफी मागितली. उरलेल्या गोळ्या दुकानात परत गेल्या. आता माझ्यात बटणं असतात. तरी माझं झाकण करकरलं की शिलाई मशीन थबकतं.

"बटण घेतेय गं, आई," ताई आतून सांगते. ती हल्ली झाकण मुद्दाम जोरात उघडते.

क्षणभराने मशीन पुन्हा सुरू होतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. एकाला दिलेली गोळी त्या डब्यातून दुसऱ्याच्या हातावर पडली, तर त्या डब्यावर बेलाशक संशय घ्या. आजच मोठ्यांना सोबत घेऊन त्याचा तळ बघा. मला तो बघता येत होता, पण सांगता येत नव्हतं. तुम्हाला सांगता येतं.