खडखडीची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि नोकरी करते ती दवाखान्यात. हसू नका, आधी माझी हकिकत तर ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. एका तरुण टेलरमास्तरांनी मला हौसेनं दुकानात आणलं. त्यांनी पायडलवर पाय ठेवला मात्र, मी अशी खडखडले की शेजारचा घड्याळजी हातातलं काम टाकून धावत आला. माझ्या टाक्यात खोट नव्हती, आवाजच जन्माचा तसा. मास्तरांनी तेल घातलं, पट्टा बदलला, पायांखाली रबर ठेवलं. छे! शेवटी ते म्हणाले, "असू दे. बोलका स्वभाव आहे तिचा."

मी शर्ट शिवले, शाळेचे गणवेश शिवले, नवरदेवांचे कोट शिवले. मास्तरांची तान्ही लेक माझ्या पायाशी चिंध्यांच्या गादीवर झोपायची. माझी खडखड थांबली की दचकून रडायची, म्हणून हातातलं कापड संपलं तरी मास्तर मला रिकामीच चालवत बसायचे.

ती पोर शिकून डॉक्टर झाली, मोठ्या हॉस्पिटलात लागली. पण तिथं पेशंटचं अर्धं वाक्य होतं न होतं तोच पुढच्याला बोलवायचं. तिला ते सोसवेना. "बाबा, मला माणसाचं बोलणं पुरतं ऐकायचंय. स्वतःचा दवाखाना काढते," ती म्हणाली. तोवर मास्तरांची नजर अधू झाली होती आणि लोक तयार कपडे घेऊ लागले होते. त्यांनी दुकानाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

दुकानाचा दवाखाना झाला. मध्ये प्लायवूडची भिंत, आत तपासणीचं टेबल, बाहेर बाक आणि बाकाला खेटून मी. जागा पुरेना, म्हणून दाराचा पडदा शिवून झाला की मला भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. ऐकून माझं चाकच जड झालं. मास्तरांचं मनही झालं असावं. आज डोळे दुखतात, उद्या दोरा मिळत नाही, असं करत ते पडद्याच्या कापडाला हातच लावीनात.

पेशंट आले, नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात पोस्टमनकाकांनी आत हळूच सांगितलं की पोट साफ होत नाही. बाहेर येतात तो बाकावरच्या तिघांचे तीन घरगुती उपाय तयार! भिंत पातळ आणि कान तिखट. त्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांना नुसती सर्दीच होऊ लागली. आत जायचं, "सर्दी आहे" म्हणायचं, गोळ्या घेऊन बाहेर यायचं. शेजारच्या वाणसामानवाल्या मावशी तर चारदा सर्दी सांगून गेल्या, पण एकदाही शिंकल्या नाहीत.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, ऐकायला म्हणून इथं आले, आणि कुणी बोलतच नाही. महिनाअखेरपर्यंत पाहते, नाहीतर परत हॉस्पिटल."

मास्तरांना वाटलं, दाराला पडदा नाही म्हणून लोक लाजत असतील. त्यांनी मुकाट्यानं चष्मा चढवला आणि मला पडद्याला जुंपलं. आपली ही शेवटचीच शिलाई, म्हणून मी जीव तोडून खडखडले. बाकावरच्यांनी कानात बोटं घातली. आत नेमक्या मावशी आल्या होत्या. उघड्या दारातून मला दिसलं, त्यांचे ओठ हलत होते आणि लेक पुढं वाकून ऐकत होती. दोरा तुटला, मी थांबले, मावशीही गप्प. दोरा ओवला, मी सुरू, मावशीही सुरू.

पडद्याचं शेवटचं टोक आलं. मास्तर पायडलवरून पाय उचलणार, तोच लेक दारात आली.

"बाबा, थांबू नका."

"अगं, कापड संपलं."

"रिकामीच चालवा. माझ्यासाठी चालवायचात ना, तशी."

मास्तर हसले, आणि आम्ही दोघं पुन्हा सुरू झालो.

मावशी काय बोलल्या, म्हणता? मित्रांनो, खरंच सांगते, मला ठाऊक नाही. माझीच खडखड एवढी! इतकंच कळलं की लेकीनं त्यांना लगेच मोठ्या तपासणीला धाडलं आणि दुखणं वेळेत सापडलं. काही महिन्यांनी मावशी टवटवीत होऊन आल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाल्या, "हिला तेवढी विकू नका हो."

इथं मनातलं बोलता येतं, हे गल्लीभर झालं. सर्दी कुठल्या कुठं पळाली. भंगारवालाही आला, पण मला न्यायला नाही. बराच वेळ टोपी चुरगाळत बाकावर बसला, मग आत गेला. मास्तरांनी त्याच्यासाठी पायडल जरा जोरातच मारलं.

आता लेकीची तान्ही पोर माझ्या पायाशी चिंध्यांवर झोपते आणि मास्तर उशांचे अभ्रे शिवतात. अभ्रे एवढे झालेत की प्रत्येक बऱ्या झालेल्या पेशंटला एक मिळतो.

मित्रांनो, कुणी कुणाला मनातलं सांगत असेल, तर कान टवकारू नका. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर ते पुसा, त्याला तेल घाला, कुरकुरतं म्हणून टाकून देऊ नका. मला मात्र कितीही तेल घाला, मी गप्प बसायची नाही. बसून चालायचंच नाही. आत कुणीतरी बोलतंय.