भाकरीच्या टोपल्यावरची ढाल

सेलूला कुसुमबाईंचा शस्त्रसंग्रह बघायला आलात, मित्रांनो, तर आधी तुमची नजर तलवारींवर जाईल. जावीच. त्या आहेतच तशा देखण्या. मग कट्यारी, मग भाले, मग एक पोट सुटलेली छोटी तोफ. आणि अगदी शेवटी, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत, काळी, गोल, एका कडेला फाटलेली म्हातारी ढाल दिसेल. ती मी.

म्हशीच्या कातड्याची मी. कारागिराने ते जाड कातडं भिजवलं, साच्यावर ताणून बसवलं, उन्हात कडक वाळवलं आणि वर काळं रोगण चढवलं. पुढून पितळेची चार फुलं ठोकली. मागे मुठीत धरायला दोन वाद्या आणि बोटांना लागू नये म्हणून छोटी गादी शिवली. "हिच्यावर तलवार उसळून माघारी जाईल," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि मी मनातल्या मनात फुगले.

पण खरं सांगते, माझ्यावर तलवार कधी उसळलीच नाही. गंगाखेडजवळच्या एका गढीवर मी एका पहारेकऱ्याच्या हाती पडले. भला माणूस होता. दसऱ्याला मला तेल लावायचा, मिरवणुकीत ऐटीत धरायचा. लोक म्हणायचे, "काय ढाल हाय!" एवढ्या कौतुकातच माझी उमेदीची वर्षं सरली. अंगावर साधा ओरखडा उठला नाही. पुढे निजामाचं राज्य गेलं. गावातल्या तलवारी सरकारजमा झाल्या, पण ढालीची कुणाला भीती वाटणार? मला कुणी मागितलंच नाही. मी पहारेकऱ्याच्या घरी खुंटीवर राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या नातसुनेच्या हाती आले. तिचं नाव चतुराबाई.

चतुराबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की शेतात भाकरीचं टोपलं उघडं राहतं, कावळे-कुत्री त्यात तोंड घालतात, आणि इकडे खुंटीवर एक गोल, जड वस्तू आयती बसून आहे. तिने मला काढलं, स्वच्छ पुसलं आणि टोपल्यावर पालथं घातलं. मी बरोबर बसले. त्या दिवसापासून घरात माझं नाव पडलं 'झाकण'. सुरुवातीला मनाला लागलं. पण सकाळी गरम भाकरीची वाफ पोटाला लागायची, चतुराबाई मला डोक्यावर घेऊन गाणं गुणगुणत बांधाबांधाने चालायची, आणि मला खुंटीवरच्या दिवसांची आठवणही येईनाशी झाली.

एका हिवाळ्यात ती हरभऱ्यात खुरपत होती. तिची पहिली लेक सविता नुकती बसायला लागली होती. तिला बाभळीखाली गोधडीवर ठेवलेलं, शेजारी टोपलं, टोपल्यावर मी. पलीकडच्या शेतात ऊसतोड चालू होती. माणसांच्या गलक्याने बिथरलेलं एक रानडुक्कर फडातून बाहेर पडलं आणि सरळ बाभळीच्या दिशेने सुटलं.

चतुराबाई धावली. लेकीला उचलून पळायला वेळ उरला नव्हता. तिच्या हाताला मी लागले. ढाल कशी धरायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिची मूठ नेमकी दोन्ही वाद्यांत शिरली. लेकीच्या पुढ्यात ती गुडघ्यांवर बसली, मला समोर धरलं आणि ओरडली, "ये! ये की रं!"

ते आलं. त्याचा सुळा माझ्या कडेत घुसला, कातडं टर्रकन फाटलं. चतुराबाईचं मनगट मोडलं. पण ती जागची हलली नाही, आणि मीही दुमडले नाही. डुक्कर पुन्हा धडकलं, तोवर तोडीची माणसं कोयते घेऊन पोचली आणि ते ओढ्याकडे पळालं. सविता गोधडीवर बसून भोकाड पसरत होती. तिला साधं खरचटलंही नव्हतं. ज्या कामासाठी मला घडवलं होतं, ते काम मी त्या दिवशी केलं.

पुढे घरात स्टीलचे डबे आले आणि मी माळ्यावर गेले. चतुराबाई अधूनमधून वर यायची, वाकड्या झालेल्या मनगटाने माझी धूळ झाडायची आणि खाली जायची. सविता लग्न होऊन पूर्णेला गेली. तिच्या पाठचा बालाजी शेती बघू लागला. जुनं घर उतरवून स्लॅबचं घर बांधायला काढलं तेव्हा चतुराबाई लेकीकडे गेलेली होती. माळ्यावर बालाजीला मी सापडले. माझ्या वाद्या आणि पितळी फुलं पाहून त्याने ओळखलं, की ही ढाल आहे. भंगारात घालायला त्याचं मन होईना. सेलूला एक बाई जुनी हत्यारं जपतात हे त्याला ठाऊक होतं. कापूस घेऊन जाताना त्याने मला त्यांच्या स्वाधीन केलं.

कुसुमबाई निवृत्त शिक्षिका. संग्रह त्यांच्या वडिलांनी जमवलेला. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसलं आणि पेटीत ठेवलं. बघायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या, "ही फट कशानं पडली ते मला माहीत नाही. कुणाला कळलं तर मला जरूर सांगा."

मग एका रविवारी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. पुढे चतुराबाई, मागे सविता, आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घातलेला बालाजी.

चतुराबाईने तलवारींकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ माझ्यापाशी आली आणि काचेवर तळहात ठेवून म्हणाली, "बाई, हे माझं झाकण हाय."

"झाकण?" कुसुमबाई गोंधळल्या.

"मॅडम, माझीच चूक हाय," बालाजी म्हणाला. "झाकणानं डुकराला थोपवलं, असं लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटलं, असंल लोखंडाचं एखादं. ते झाकण म्हंजी हीच ढाल, हे मला ठावंच नव्हतं. माय आली, घरभर हुडकलं, अन् तवापासून माझ्याशी बोलंना झाली."

"मी न्यायला आले," चतुराबाई कुसुमबाईंना म्हणाली. बालाजीकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

कुसुमबाईंनी पेटी उघडली आणि मला तिच्या हातांत दिलं. "तुमचीच आहे, बाई. न्या."

तिने मला पदरात गुंडाळलं. खरं सांगू का मित्रांनो, मला आनंद झाला, आणि मला माळाही आठवला.

सेलूच्या स्टेशनात परभणीकडची गाडी यायला अवकाश होता. बाकावर शेजारी बसलेल्या एका तरुण बाईने विचारलं, "आजी, हे काय हाय? परात?"

"परात न्हाई," चतुराबाई म्हणाली. तिने पदर बाजूला केला. "ढाल हाय."

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्या बाईने विचारत जावं आणि चतुराबाईने सांगत जावं. बाभूळ, गोधडी, ऊस, डुक्कर. कॉलेजच्या दोन पोरी उठून जवळ आल्या, एक भेळवाला डोक्यावरची पाटी उतरवून उभा राहिला. सविताला ही गोष्ट 'तुला डुकरापासून वाचवलं' एवढीच माहीत होती. माय गुडघ्यांवर बसून "ये की रं" म्हणून ओरडली होती, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दोन्ही हातांनी मला उचलून पाहिलं.

"एवढं जड, माय?" ती म्हणाली. "अन् तू एका हातानं धरलंस?"

"तवा कुठं जड लागलं," चतुराबाई म्हणाली. सविताने मला मांडीवर ठेवलं, आईचं वाकडं मनगट आपल्या हातात घेतलं आणि ते सोडलंच नाही.

गाडी आली. चतुराबाई उठली नाही.

"माय, गाडी!"

"जाऊ दे." तिने माझ्यावरून हात फिरवला. "घरी नेलं तर ही पुन्हा माळ्यावरच जाईल. मला तरी कुणी इच्यारलं व्हतं का आजवर? तितं लोक येतेत, बघतेत, इच्यारतेत. चला माघारी."

कुसुमबाईंनी दार उघडलं, आणि पाठोपाठ पेटीही. चतुराबाईने स्वतःच्या हाताने मला पेटीत ठेवलं, फाटलेली कड लोकांना दिसेल अशी फिरवली.

"आता येईल त्याला मी सांगेन, की ही डुकराच्या सुळ्याची खूण आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "पण तुमच्यासारखं मला जमायचं नाही. अधूनमधून येत जाल ना?"

"येईन की," चतुराबाई म्हणाली. "बालाजी आणंल मला."

दाराशी उभा असलेला बालाजी एकदम भिंतीकडे वळला आणि कितीतरी वेळ तलवारी बघत राहिला. त्याला तलवारींची एवढी आवड असेल असं मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, कॉटखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात एखादी वाकडी-फुटकी वस्तू पडलेली असेल. ती जरूर पुसा, हवं तर आमच्यासारख्या संग्रहाला द्या. पण ती हलवण्याआधी आईला, आजीला विचारा, ही कशाची आहे म्हणून. आणि ती सांगायला लागली, की मधेच उठू नका.