मूठभर खाली

हॉस्पिटलातले सगळे त्याला झिरोमास्तर म्हणायचे, आणि तेही तोंडावर. पंचवीस वर्षं कॅथलॅबमध्ये टेक्निशियन, आणि पंचवीस वर्षं एकच भुणभुण: "झिरो केलंत का? परत करा." काम म्हणाल तर साधं. पेशंटच्या मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत सोडायची आणि तिथला दाब मोजायचा. मोजतो तो काडेपेटीएवढा एक तुकडा, ट्रान्सड्यूसर. तो बरोबर हृदयाच्या पातळीत लावायचा आणि तिथे शून्य धरायचं. तो वर राहिला तर आकडा खोटाच कमी दिसतो, खाली राहिला तर खोटाच जास्त. बस्स, एवढीच विद्या. पण एवढ्याशा विद्येवर माणसाचं पुढचं वर्ष ठरतं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

त्याचा आणखी एक नियम होता. वाईट आकडा आला तर डॉक्टर स्वतःच दचकून पुन्हा मोजतात, त्याची काळजी नको. चांगला आला की मात्र सगळे खूश होऊन हातमोजे काढायला लागतात. म्हणून चांगला आकडा दोनदा बघायचा, कितीही घाई असो. त्याची पाठ वळली की लोक त्याची नक्कल करायचे, पण आकडा दोनदा बघायचे.

आणि त्याच टेबलावर एक दिवस त्याची ताई येऊन झोपली.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, फटकावलं, शिकवलं. पुढे ती शाळेत खेळाची बाई झाली. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरांनी नाव ठेवलं शिट्टीबाई. काय ती शिट्टी! दोन गल्ल्या पलीकडचे कुत्रेसुद्धा उठून बसायचे. निवृत्त झाल्यावरही ती रोज सकाळी मैदानावर जायची आणि गेल्या वर्षी एका सकाळी शिट्टी वाजेना. फुंकली की नुसतीच हवा. आधी तिने शिट्टीला दोष दिला, नवी आणली, दुकानदाराशी भांडून ती बदलून घेतली. मग जिना चढताना मधेच बसायला लागली, तेव्हा कुठे भावाला फोन केला.

तपासण्यांत कळलं की फुप्फुसांकडे जाणाऱ्या नसांत दाब वाढलाय. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू दमत चालली होती. किती दमली, ते मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. डॉक्टर म्हणजे एक कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाकीच्या तपासण्या धड चांगल्या नाहीत, धड वाईट नाहीत. आता उजव्या कप्प्यातल्या दाबावर ठरवू. आठच्या आत असला तर धोका कमी, गोळ्या घेऊन घरी जा. चौदाच्या वर असला तर इथेच राहायचं, पंपाने चोवीस तास औषध, आणि ते लगेच. त्यात उशीर चालत नाही."

"मला लेकीकडे जायचंय," ताई म्हणाली. लेक दूरच्या शहरात, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. "तुमचं पंपबिंप नंतर बघू."

रक्ताच्या नात्यातलं काम दुसऱ्या कुणी करावं, हे झिरोमास्तरला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ताईला दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचा जीव होईना. त्याने स्वतः टेप लावून तिच्या छातीची मधली पातळी काढली, ट्रान्सड्यूसर तिथे आणला, शून्य धरलं. टेबलाचा क्लॅम्प महिन्यापूर्वी तुटला होता, त्यामुळे ट्रान्सड्यूसर टेबलाला नव्हता, शेजारच्या वेगळ्या स्टँडवर होता. टेबल हललं तरी तो जागचा हलत नव्हता.

"बारक्या," ताई म्हणाली. बावन्न वर्षांचा, केस पिकलेला माणूस, तिच्यासाठी बारक्याच. "किती वर टांगलंयस मला? गरगरतंय. खाली घे की जरा."

"शिट्टीबाई घाबरल्या!" तो हसला आणि त्याने पायाने पेडल दाबलं. टेबल मूठभर खाली गेलं. तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला, तसं त्यालाच हलकं वाटलं. तेवढ्यात डॉक्टर हात धुऊन आत आल्या.

नळी उजव्या कप्प्यात पोचली. पडद्यावर आकडा स्थिरावला. सात.

"सात!" तो ओरडलाच. इतक्या वर्षांत लॅबमध्ये त्याचा आवाज कधी असा चढला नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"झिरो बरोबर आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी ताई आहे, डॉक्टर. चुकेन का मी?"

बाकीचे आकडे भराभर घेतले गेले, कागदावर उतरले. चांगला आकडा दोनदा बघायचा, हे त्या दिवशी त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो ताईच्या घरी परतायच्या गाडीचं बघत होता.

ताई लेकीकडे गेली. नात झाली. फोनवर ताईचा आवाज बारीक होत गेला, पण ती म्हणायची, जागरणं होतात रे, बाकी काही नाही. तोही म्हणायचा, सात आहे तुझा, काळजी करू नकोस. अकराव्या आठवड्यात जिन्यात कोसळली. परत आणली तेव्हा पाय खांबासारखे सुजलेले, ओठ निळे.

या वेळी मोजलं दुसऱ्या पाळीतल्या टेक्निशियनबाईंनी. तो काचेपलीकडे उभा होता. उजव्या कप्प्यात एकवीस. मग तीच नळी फुप्फुसाच्या नसेत पुढे सरकवून घेतात तो डाव्या बाजूचा आकडा आला: दहा. आणि त्याच्या मनात काहीतरी खटकलं.

दुपारी त्याने जुना कागद काढला. डाव्या बाजूला तेव्हा होते दोन. ताईची डावी बाजू ठणठणीत होती. तो आकडा तीन महिन्यांत दोनाचा दहा व्हायचं काही कारणच नव्हतं. आठचा फरक. मूठभर उंचीचा फरक पडला की आकड्यात साधारण तेवढाच फरक पडतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मग त्याला पेडल आठवलं. टेबल खाली गेलं होतं, ट्रान्सड्यूसर वरच राहिला होता. सात आणि आठ, पंधरा. तेव्हाच पंधरा होते. तो कागद हातात धरून स्टोअररूममधल्या खोक्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

डॉक्टरांना त्याने सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "डावीकडचे दोन मलाही खटकायला हवे होते," त्या म्हणाल्या.

"तेव्हाच पंप सुरू केला असता तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "बरीच संधी होती. आता औषध चालू आहे, पण हृदय साथ देत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या खोलीत गेला. खुर्ची ओढून बसला आणि सांगून टाकलं. क्लॅम्प, स्टँड, पेडल, सगळं.

"म्हणजे मी खाली घे म्हटलं, म्हणून?" तिने विचारलं.

"नाही, ताई. पेशंट काहीही म्हणेल. मोजणारा मी होतो."

"जगाला दोनदा बघायला लावतोस."

"हो."

"आणि माझ्या वेळी?"

"मला तो आकडा हवा होता गं," तो म्हणाला. "इतका हवा होता की बघितलंच नाही."

ती भिंतीकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते तिने पुसलं नाही. "मला जगायचं होतं रे, गाढवा," ती म्हणाली. "पोरगी आता कुठे हसायला लागलीय. तिला शिट्टी शिकवायची होती मला."

त्याने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण त्याचा हात दाबलाही नाही. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

मग तिला धाप लागली. "पलंग वर कर जरा," ती म्हणाली. "डोक्याकडून."

तो वाकला, पलंगाच्या दांड्यावर हात ठेवला, आणि हात तिथेच थिजला. काही केल्या हलेना.

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आईविना पोर पहिल्या दिवशी शाळेच्या दारात अडून बसलं होतं, तेव्हा पाहिलं होतं तसंच.

"कर रे, बारक्या," ती म्हणाली. "आता कुठे काय मोजायचंय."

त्याने दांडा फिरवला, ती पुरे म्हणेपर्यंत.