कोरडी वीत

"इसहाक, दिसतंय काही?"

फौजदारांचा आवाज वरून आला. इसहाक मचव्याच्या पोटात, तळाच्या कण्याशी ओणवा बसला होता. दोन फळ्यांमधल्या फटीवर त्याचं बोट होतं आणि ते पुढे सरकत नव्हतं.

"न्हाय, साहेब."

"गळती?"

"फट बराबर हाय."

वर कारकून अण्णांचा टाक कुरकुरला.

*गळती : नाही.*

हे खोटं होतं. तीस वर्षं बंदरातल्या मचव्यांच्या फटी बुजवणारा इसहाक फटीबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

*

*आगरदांडा बंदर, आश्विन, सन १९२९. मचवा फतेहसलामत. माल : मंगलोरी कौलं, पैकी काही जागेवरून हलवून दुसऱ्या बाजूस रचलेली. चुलीवर भात, अर्धा शिजलेला, आंबलेला. होडी : नाही. होडीचा दोर कुऱ्हाडीने तोडलेला. पाणी उपसण्याचा डबा तळाशी पालथा. तळ कोरडा. तांडेल नजमुद्दीन व चार खलाशी : नाहीत.*

चार खलाशांतला एक शब्बीर. इसहाकचा मुलगा.

वादळ नव्हतं. मचवा फुटला नव्हता, बुडाला नव्हता. पाच माणसं भात टाकून कुठे गेली? बंदरावर ज्याला त्याला ठाऊक होतं. कोणी म्हणे दर्यातल्या जिनाने नावं घेऊन हाका मारल्या. कोणी म्हणे कौलांखाली सोनं होतं. नाहीतर कौलं हलवली कशाला?

फौजदारांना मात्र माणूस हवा होता, आणि तो मिळालाही. दिघीचा अंबाजी कोळी. दर्यात मोकळा तरंगणारा मचवा त्यालाच सापडला, त्यानेच तो बांधून आणला. पण श्रावणात जाळं फाडलं म्हणून याच नजमुद्दीनला तो भर धक्क्यावर "दर्यात गाडीन" म्हणाला होता. आणि मचव्यावरचा कंदील त्याच्या घरात, सुकटीच्या टोपलीखाली निघाला.

उद्या दुपारच्या भरतीला त्याला बोटीने वरच्या कोर्टात पाठवणार होते. पाच खुनांचा आरोप. तिथून कोणी परत येत नाही, हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

*

संध्याकाळी काशी दारात आली. अंबाजीची बायको. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभी.

"चाचा, कंदील उचलला त्यानं. व्हय, उचलला. मोकला मचवा गावला, कोन नसता उचलला? पन मानसा मारली न्हाय."

"मी काय करू, काशी?"

"तुमी लाकडाचा बोलनं ऐकता. सगली सांगतान. मचव्याला इचारा ना."

इसहाक बोटं चोळत राहिला. ती पदर खोचून उतरणीला लागली.

आतून त्याची बायको तैयबा आली. "काय गावलं तुमाला मचव्यात?"

"काय न्हाय."

"मग मघापासनं बोटं का चोळताय?"

त्याने बोटं थांबवली. "शब्बीरची लुंगी. निळ्या चौकड्यांची."

तैयबा खाली बसली.

"फाडून, पिळून फटीत मारलेली," तो म्हणाला. "आतून. कापूस आपन भायरून मारतो, मचवा किनाऱ्याला असताना. आतून मारायची पाळी दर्यातच येते. आनि छिन्नीच्या खुना उलट्या. डावऱ्या हाताच्या."

"म्हंजे पानी येत व्हतं."

"व्हय."

"तुमी बुजवलेल्या फटीतनं."

इसहाक उठून दाराशी गेला.

"बोलला व्हता तो तुमाला," तैयबा म्हणाली.

*

बोलला होता.

पावसाळाभर झापांखाली ठेवलेला मचवा बाहेर काढला की फटींना तीन उन्हं दाखवायची, मगच कापूस मारायचा, वर राळ. ही इसहाकच्या बापाची रीत. पण फतेहसलामतच्या मालकाला घाई. नारळी पौर्णिमेला पहिलं शीड आपलंच उभं राहिलं पाहिजे! इसहाकने एकच ऊन दाखवलं.

"बाबा, लाकूड ओलं हाय. कापूस धरनार न्हाय."

"डावऱ्या, तू मला शिकवतोस? तुज्या हाताचं ठोकलेलं एक भरती तरी टिकतं का?"

चार माणसं हसली. शब्बीरने हातातली ठोकायची मोगरी टाकली. छिन्नी कमरेला होती, ती तशीच घेऊन तो त्याच मचव्यावर नजमुद्दीनचा खलाशी म्हणून चढला.

पहिल्या खेपेला फट टिकली. दुसऱ्या खेपेला…

इसहाक इथे थांबायचा. मग मनातल्या मनात मचवा पुन्हा दर्यात न्यायचा.

पाणी वर आलं. भात सोडून सगळे उठले. कोणीतरी दोर तोडला. दोघांपुरत्या होडीत चौघे. शब्बीर खाली, कौलं बाजूला रचतोय, फट शोधतोय. वरून हाका मारतायत. तो म्हणतोय, थांबा, गावली.

पुढे?

पुढे एकटा माणूस डब्याने पाणी उपसतोय. तळ कोरडा होईपर्यंत. मग डबा पालथा घालतोय, बापाने शिकवल्यासारखा.

आणि पुढे?

*

"साहेबाला सांगितलात?" तैयबाने विचारलं.

"न्हाय. उद्या कोन मला मोगरी धरू देईल?"

"धरून कोनासाठी ठेवायची हाय आता?"

*

सकाळी ओहोटी होती. फतेहसलामत वाळूवर टेकूंवर उभा. अंबाजीला दोरीने बांधून धक्क्यावर बसवलं होतं. बोट यायला दोन तास.

"काल गळती नाही म्हणालास," फौजदार म्हणाले.

"काल खोटं बोललो."

"आज खोटं बोलत नाहीस कशावरून? काल कोळीण आली होती तुझ्याकडे. बंदरात काही लपत नाही."

मालक पुढे झाला. "साहेब, पोरगा गेल्यापासनं डोकं ठिकाणावर नाय त्याचं. माझ्या मचव्याला नावं ठेवतोय!"

"पानी ओता," इसहाक म्हणाला. "आमची हीच परीक्षा. तळात पानी भरायचं आनि खालनं बघायचं. दर्यात भायरचं पानी कापूस दाबून धरतं, आतलं त्याला भायर ढकलतं; फट खोटी असली तर रडते. लुंगी आतून हाय, ती आधी अण्णांनी बघावी."

अण्णा धोतर सावरत आत उतरले आणि बाहेर येऊन त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. फौजदारांनी घड्याळ पाहिलं. "ओता."

हंडे आले. दिघीकडून आलेल्या कोळणी एका रांगेत, मोहल्ल्यातली पोक्त माणसं दुसऱ्या. काशी सगळ्यांत पुढे. पंधरा हंडे झाले, वीस झाले. इसहाक मचव्याखाली वाळूत पाठीवर आडवा झाला. फौजदार टोपी काढून वाकले.

काही नाही.

मालक हसला. "बघा."

धक्क्यावर अंबाजीने डोळे मिटून घेतले.

मग एक थेंब. इसहाकच्या कपाळावर. दुसरा त्याच्या छातीवर. कण्याशेजारची ती सबंध फट पुढून रडायला लागली, मागून रडायला लागली. राळेचा पापुद्रा सुटला, पिवळट कापूस लोंबू लागला. थेंबांची धार झाली.

मधली एक वीत सोडून.

"ही माजी," इसहाक रडणाऱ्या फटीवरून हात फिरवत म्हणाला. "ओल्या लाकडात मारलेली. चूक माजी. आनि ही त्याची."

फौजदारांनी स्वतः वाकून ती वीत पाहिली. मग शिपायाला हात केला. "अंबाजीची दोरी सोडा. कंदिलाचं नंतर बघू."

काशी हंडा टाकून धक्क्याकडे धावली. हंडा वाळूवर घरंगळला.

अण्णांचा टाक थांबलाच होता. "साहेब, कारण काय लिहू?"

"चौघे होडीतून गेले. भीतीने. होडी बुडाली असावी." फौजदार इसहाककडे वळले. "पण तुझा मुलगा मागे राहिला. फट बुजवली, तळ कोरडा केला. मचवा वाचला होता. मग तो कुठे गेला?"

इसहाकने तोंड उघडलं. त्यांना परत बोलवायला पोहत गेला असेल. वाट बघून थकला असेल. आणि रात्रभर मनात आलेलं सगळं.

"म्हायत न्हाय, साहेब."

अण्णांनी ती ओळ कोरी सोडली.

भरतीचं पाणी वाळूवर चढू लागलं. मालक तोंड फिरवून म्हणाला, "उद्यापासनं दुसरा माणूस बघतो मी."

"बघा. सगळी फट उकलायला सांगा त्याला. तीन उन्हं दाखवा." इसहाक अजून मचव्याखालीच होता. "ही वीत तेवढी राहू द्या."

"बाहेर ये, पाणी येतंय," फौजदार म्हणाले.

"येतो."

त्याने तळवा त्या वितीवर दाबून धरला होता. दोन्ही बाजूंनी धारा त्याच्या बाहीत उतरत होत्या, दाढीतून गळत होत्या. लाट पायांपर्यंत आली तेव्हा त्याने हात काढला आणि उजेडात धरून पाहिला.

तळवा कोरडा होता.