पुंजारामची वाकडी सीट

गाडीचं तोंड नाशिककडे असायचं आणि पुंजारामचं कुसाबाईकडे. यात प्रेमाचा भाग किती होता ते सांगता येत नाही; सीटचा भाग बराच होता.

पिकअप निफाडजवळच्या वस्तीवरची. द्राक्षाची बाग सांभाळून बांधाकडेला लावलेली मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन दर बुधवारी आणि रविवारी नवराबायको नाशिकच्या इंदिरानगरात यायचे आणि एका सोसायटीच्या फाटकाशी गाडी लावायचे. पुंजाराम वजन करायचा, कुसाबाई विकायची.

मध्यंतरी कधीतरी फवारणीचे डबे गळून ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा गंजला आणि सीट डुलायला लागली. दुसरा कोणी गॅरेजला गेला असता. पण द्राक्षवाल्याच्या घरात मोडलेली वस्तू गॅरेजला नेत नाहीत, तिला बागेतली तार बांधतात. पुंजारामच्या घरी गोठ्याचं दार तारेवर होतं, पाण्याची मोटर तारेवर होती, आणि चष्म्याची एक दांडीही. सीट तारेवर आली यात नवल नव्हतं. तार सैल झाली की तो पीळ द्यायचा. दाराच्या बाजूनं हात जात नसे, म्हणून पीळ नेहमी आतल्या बाजूनं. प्रत्येक पिळाला सीटचं नाक थोडं डावीकडे सरके. होता होता पुंजारामचं अंग बायकोकडे आणि मान रस्त्याकडे अशी बैठक तयार झाली.

एका रविवारी फाटकाशी गाडी थांबली आणि पुंजाराम खाली उतरला तो काटकोनात. सरळ व्हायला त्याला दाराचा, आरशाचा आणि शेवटी एका गिऱ्हाइकाचा आधार घ्यावा लागला. हे नेमकं दीपकनं पाहिलं. दीपक त्यांचा मुलगा, त्याच सोसायटीत राहणारा, कंपनीत नोकरीला.

"आप्पा, बस झालं आता. पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हर ठेवू. माझ्या ओळखीचा आहे एक, संघर्ष नावाचा."

"नावातच संघर्ष हाय, त्याच्या हातात गाडी कशाला देतो?"

"तुम्ही शेजारी बसा निवांत."

"आन् तुझी आई कुठं बसंल? मागं फाळक्यावर?"

"आई घरी आराम करेल."

कुसाबाईला आराम माहीत होता. बाळंतपणात एकदा आणि पाय मोडला तेव्हा एकदा तिनं तो करून पाहिला होता. दोन्ही वेळा आवडला नव्हता. या फाटकाशी तिला कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, सगळं कळत होतं. मेथी निवडून देता देता तिनं दोन लग्नंसुद्धा जुळवली होती. हे सगळं त्या संघर्षच्या हवाली करून तिनं घरी कोंबड्या राखायच्या होत्या.

"महिना हाय ना अजून?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी माल संपल्यावर तिनं फर्मान काढलं, "द्वारका चौकावरनं घ्या. फारुखकडं जायचंय."

"सीट सरळ हाय. गाडीच जरा वाकडी हाय," पुंजाराम म्हणाला. पण गाडी द्वारकेवरूनच घेतली.

फारुख सीटांची कामं करायचा. त्यानं बॅटरी लावून सीटखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "काका, ये सीट है की द्राक्षाचा मांडव?"

त्यानं तार कापली, नवा पत्रा जोडला, बोल्ट मारले, सीट नाकासमोर बसवली. पुंजाराम चढून बसला आणि लगेच म्हणाला, "वाकडी बसवली."

फारुखनं टेप काढून दोन्हीकडून मोजून दाखवलं.

"टेप बी तुझीच ना?"

एक चक्कर मारायला म्हणून गेला तो पहिल्याच वळणावरून परत आला. सीट सरळ झाली होती, पण पुंजाराम झाला नव्हता. तो सरळ सीटवर तिरका बसला होता, आणि आता कंबर दोन्ही बाजूंनी धरली होती. "तार बांध परत," त्यानं खाली उतरून हुकूम सोडला, "नायतर मी बांधतो."

तार परत म्हणजे काटकोन परत, काटकोन म्हणजे संघर्ष, आणि संघर्ष म्हणजे कोंबड्या. कुसाबाई पायरीवर बसून विचार करत राहिली. मग म्हणाली, "फारुख, वेलाची काडी तारेवर आडवी धरायची ना, तर आमी ती एकदम वळवत नाय. आज थोडी, परवा थोडी. जोर केला की काटकन मोडती. ह्यांचं बी तसंच करता यील का?"

फारुखनं पुंजारामकडे असं पाहिलं की जणू त्याला आता कुठं पालवी फुटायची आहे. "क्यों नहीं, मावशी?" त्यानं पत्र्यातली भोकं लांबट केली. नट ढिला केला की सीट सरकेल, आवळला की पक्की. ती आधी होती तशी तिरकी ठेवली आणि पाना कुसाबाईच्या हातात दिला. "काकांकडे देऊ नका."

"द्यायला मी काय येडी हाय?"

तेव्हापासून दर खेपेच्या पहाटे एक विधी सुरू झाला. कुसाबाई पदर खोचून सीटखाली वाकायची, ज्वारीच्या दाण्याएवढी सीट सरकवायची, नट आवळायची. तेवढ्या वेळात पुंजाराम विहिरीच्या काठावर पाठमोरा उभा राहून विहीर जागेवर आहे ना ते पाहायचा. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. त्यांच्या संसारातले सगळे महत्त्वाचे निर्णय याच पद्धतीनं झाले होते.

कंबर सुटत गेली. महिना भरला त्या रविवारी दीपक संघर्षला घेऊनच फाटकाशी उभा. पोरगा बिचारा भांग पाडून आला होता. पुंजाराम उतरला, उभा राहिला, कुणाचाही आधार न घेता मागं गेला आणि एका हातानं फाळका पाडला.

दीपक पाहत राहिला. "कुठला डॉक्टर केला, आप्पा?"

"निफाडची हाय एक," पुंजाराम म्हणाला. "हात जड हाय तिचा."

संघर्षला नको म्हणून सांगण्यात आलं. कुसाबाईनं त्याला मेथीची जुडी दिली आणि वर लग्न झालंय का ते विचारून घेतलं.

परतीच्या वाटेवर ती खुशीत होती. सोसायटीतल्या बँकवाल्या बाईंच्या मुलीनं परगावचं स्थळ कसं नाकारलं आणि त्यावरून घरात कसा अबोला चालू आहे, ते रंगवून सांगत होती. निम्म्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की पुंजारामचा नुसता कान दिसतोय. तो समोर पाहत होता. शहाण्या ड्रायव्हरनं पाहावं तसं.

"ऐकताय ना?"

"हं."

थोडं पुढं गेल्यावर परत "हं." हा घरातला हं होता. चुलीजवळ, जेवताना, झोपताना तिला तोच मिळायचा. गाडीतला वेगळा असायचा. त्याला शेपटी असायची, 'मग?' अशी. ती कुठं गेली म्हणून तिनं सीटकडे पाहिलं. सीट आता अगदी सरळ व्हायला बोटभर कमी होती. तिनं गोष्ट अर्धीच ठेवली.

बुधवारी पहाटे ती पाना घेऊन वाकली. नट ढिला केला. थोडा वेळ तशीच वाकून राहिली, मग सीट उलट्या बाजूला दोन दाणे सरकवली आणि नट करकचून आवळला.

"झालं का?" विहिरीकडून आवाज आला. आज त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"झालं."

पुंजाराम चढला, बसला, जरासा हलला. त्याचा गुडघा डावीकडे आला. त्यानं सीटकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई, जरा मागं गेली वाटतं."

"तुमाला काय कळतंय त्यातलं. कंबर दुखती का?"

"नाय."

"मग चला."

त्यानं गाडी सुरू केली, रस्त्याला लावली, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "तर त्या बँकवालीच्या पोरीचं काय झालं मग?"