लिंबोणीच्या गळ्यातली पट्टी

या, जरा सरकून जवळ बसा. दाराशी कोण उभं आहे, तुम्हीही आत या, भिंतीला टेकायला जागा आहे. एका लिंबोणीची आणि एका जास्वंदीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण देवानं माणूस कालवताना त्यात आंबटही घातलंय, तेव्हा मन घट्ट करून ऐका.

एक घर होतं. घर एकच, पण दारं दोन, कारण दोन भाऊ आणि दोन जावा. मागचं अंगण मात्र सामाईक, आणि त्या अंगणात दिवसभर ऊन लागेल अशी जागा एकच, चार हात लांब, चार हात रुंद. ती जागा धाकटीच्या खिडकीसमोर.

थोरली जाऊ चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती, तीही जखमा बांधायच्या खोलीत. तिच्या हातची पट्टी कधी घसरली नाही, असा तिचा लौकिक. तिचे यजमान घड्याळजी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. अंगणात त्याच उन्हाच्या जागेशेजारी, धाकटीच्या खिडकीपाशी, त्यांची वेताची खुर्ची होती, पण तिथवर जायला बायकोचा हात धरावा लागतो याची त्यांना लाज वाटे. एकदा ते सहज बोलून गेले की, लिंबोणीला फुलं आली की तिचा वास पार दारापर्यंत येतो, त्या वासाच्या मागं मागं आपण खुर्ची गाठू. झालं. थोरलीनं ते वाक्य पदराला बांधलं.

धाकटी शिवणकाम करायची. खिडकीला लावून तिचं मशीन, आणि तिला त्या जागी हवी होती जास्वंद. तिचं म्हणणं असं, की जास्वंद वर्षाच्या आत फुलते, बाराही महिने फुलते, अंगाला काटा नाही, आणि छाटून खिडकीखाली ठेवता येते. लिंबोणी तीन-तीन वर्षं फूल दाखवत नाही, ओरबाडते, आणि वर वाढून उजेड खाते. उजेड गेला तर सुईत दोरा काय देवानं येऊन ओवायचा?

थोरली म्हणे, जास्वंदीचं फूल सकाळी उमलून संध्याकाळी मान टाकतं, वासाच्या नावानं शून्य, आणि पांढरी कीड मात्र सगळ्या अंगणाला वाटते. दिसायला लालभडक आणि कामाला काही नाही, अशी झाडंही असतात आणि माणसंही. हे शेवटचं ती खिडकीकडे बघून म्हणे. मग आतलं मशीन एकदम जोरात धावायला लागे.

भांडण विकोपाला गेलं, तेव्हा धाकट्या भावानं तोड काढली. एक वर्ष लिंबोणीला. वर्षात तिनं मूळ धरलं नाही, तर जागा जास्वंदीची. दोघींनी माना हलवल्या, आणि जास्वंद पत्र्याच्या डब्यात भिंतीशी वाट बघत बसली.

थोरलीनं रोपवाटिकेतून कलम आणलं. जिथं जोड होता तिथं प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली. माळीदादानं बजावलं होतं, जोड धरला की पट्टी सोडा. पण जोड धरला हे ठरवायचं कोणी? थोरलीनं उभ्या आयुष्यात घाईनं उघडलेल्या जखमा पाहिल्या होत्या, त्या पुन्हा उलताना पाहिल्या होत्या. पट्टी सैल वाटली की वरून आणखी एक वेढा, हा तिच्या खोलीचा नियम. दर रविवारी सकाळी ती अंगणात उकिडवी बसे आणि जुन्या पट्टीवर नव्या कापडाचा एक वेढा घट्ट ओढून बांधे.

लिंबोणी आधी चांगली तरारली. चौथ्या महिन्यात धाकटी पहिल्यांदाच आपणहून अंगणात आली.

"ताई, ती पट्टी सोडा आता. वाढत्या अंगाला कपडा ढिला ठेवायचा असतो."

थोरली वळलीसुद्धा नाही. "ते तुझ्या मशीनवरचं कापड नाही. जखम उघडी पडून झाड मरावं, एवढीच घाई झालीय तुला."

धाकटी आल्या पावली आत गेली. त्यानंतर ती पट्टीबद्दल चकार शब्द बोलली नाही.

सहाव्या महिन्यात पानं पिवळी पडली. आठव्यात गळायला लागली. थोरलीनं खत घातलं, पाणी बदललं, शेवटी संशय धरला. एका दुपारी धाकटीकडे दोन गिऱ्हाइकं माप द्यायला उभी असताना ती खिडकीपाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की, मशीनचं तेल माझ्या झाडाच्या मुळात कोण ओततं ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक कापड परत घेऊन गेली ती पुन्हा आली नाही. त्या दिवसापासून अंगणात मधोमध दोरी आली, आणि नळाला थोरलीचं कुलूप.

वर्ष भरलं त्या सकाळी थोरली पाण्याचा डबा घेऊन झाडापाशी उभी होती. फांद्यांवर सात पानं उरली होती. मागे काठीचा आवाज आला. घड्याळजी भिंत चाचपत एकटेच बाहेर आले होते, वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाले, झाडाचा निरोप घ्यायला आलोय. ते गुडघ्यांवर बसले आणि बोटं खोडावरून फिरवू लागले. उभा जन्म केसाएवढ्या चाकांवर गेलेली बोटं ती. जोडापाशी थांबली. वर फुगवटा, खाली काडी, आणि मधे कापडाची गच्च मूठ.

"अगं, याचा गळा आवळलाय," ते म्हणाले. "कोणी बांधलं हे?"

थोरलीनं पाण्याचा डबा खाली ठेवला. आत जाऊन तिनं आपली ड्रेसिंगची कात्री आणली आणि एकेक वेढा कापला. कापड संपल्यावर प्लॅस्टिक आलं, ते सालीत खोल रुतलेलं. ते निघालं तेव्हा खाली ओलावा नव्हता, जोड पार वाळून गेला होता. आपल्या हातानं बांधलेलं ओळखायला तिला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

खिडकीतलं मशीन थांबलं होतं.

"मी सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "आणि तेलाचं तुम्ही माणसांसमोर बोललात. ते लक्षात आहे माझ्या."

थोरली अंगणाच्या मधोमध गेली. तिनं दोरी सोडली. लिंबोणी स्वतः खणून काढली, आणि त्याच खड्ड्यात डब्यातली जास्वंद स्वतः लावली. शेजारी काठी रोवली, रोप काठीला बांधलं. गाठ ओढताना हात थबकला. दोन बोटं जातील एवढी जागा ठेवून तिनं गाठ मारली.

धाकटी बाहेर आली. गाठ निरखून पाहिली, सोडली, आणि तश्शीच, तेवढीच सैल, पुन्हा आपल्या हातानं बांधली.

"तुमच्या गाठीवर माझा भरवसा नाही," एवढं बोलून ती आत गेली, आणि मशीन सुरू झालं.

घड्याळजी एव्हाना उठून उभे राहिले होते. त्यांनी कान टवकारले, काठी पुढं केली, आणि त्या मशीनच्या टकटकीच्या रोखानं पावलं मोजत थेट खुर्चीपर्यंत गेले. कोणाचा हात न धरता बसले. आता ते रोज असेच जातात. थोरली दारातून बघते. ज्यासाठी वर्षभर भांडली ते तिला मिळालं, पण ते धाकटीच्या खिडकीतून आलं, आणि हे तिला गिळवत नाही. माफीचा शब्द तिच्या घशाशी येतो आणि रोज तिथंच अडतो. कुलूप तेवढं तिनं नळावरून काढलंय.

तेव्हा मायबाप, आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपलं मागणं मागून झालं की त्या थोरलीची घटकाभर आठवण ठेवा. तिच्या घशातली ती गाठ सुटू दे, एवढंच म्हणा.